ऑटोमॅटिक गाडी गिअर नेमका कधी बदलते? शिफ्ट पॉइंट आणि टीसीयू ट्यूनिंग, सोप्या भाषेत

ऊसतोड सुरू झाली की आमच्या ढोकीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला, मागं लाइट नाही, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो पाचटाखाली झाकलेला. गेल्या हंगामात लातूर-बार्शी रस्त्यावर येडशीकडं जाताना अशाच एका ट्रॅक्टरमागं मी आणि माझा चुलतभाऊ अडकलो. गाडी त्याची. सेकंडहँड, पण टर्बो पेट्रोल आणि सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. वेग ४० वर आलेला. समोर रस्ता मोकळा दिसला, त्यानं इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण लगेच नाही. "दादा, मी पाय देऊन बसलोय अन् गाडी विचार करायली!" हे त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्या वळणातून एसटी आली. त्यानं ब्रेक मारून गाडी परत ट्रॅक्टरमागं घेतली. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

संध्याकाळी त्यानं मला फोनवर आलेला एक मेसेज दाखवला. शहरातला एक ट्यूनर लिहीत होता की 'शिफ्ट पॉइंट बदलून देतो, गाडी रॉकेट होईल'. चुलतभावाचा प्रश्न सरळ होता: हे केलं असतं तर दुपारचा प्रकार टळला असता का? त्याला जे सांगितलं तेच इथं नीट लिहितोय. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. हे तंत्र बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना लागू पडतं.

शिफ्ट पॉइंट म्हणजे काय?

मॅन्युअल गाडीत गिअर कधी टाकायचा हे तुमचा कान आणि पाय ठरवतात. ऑटोमॅटिकमध्ये हे काम टीसीयू करतं. टीसीयू म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सचा स्वतःचा छोटा कॉम्प्युटर. त्याच्या मेमरीत एक तक्ता असतो. आडवा गाडीचा वेग, उभा ॲक्सिलरेटर किती टक्के दाबलाय तो आकडा. या तक्त्यावर रेषा काढलेल्या असतात. पाय २० टक्के असताना अमुक वेग ओलांडला की तिसऱ्यातून चौथा. पाय ८० टक्के असेल तर तोच बदल बऱ्याच जास्त वेगाला. या रेषा म्हणजेच शिफ्ट पॉइंट. 'पॉइंट' म्हणतात खरं, पण ती अख्खी रेषा असते, आणि अशा डझनभर रेषा एका तक्त्यात बसलेल्या असतात.

वर जाण्याची रेषा आणि खाली येण्याची रेषा एकच नसते. समजा चौथा गिअर ४५ च्या वेगाला पडतो, तर परत तिसऱ्यात यायला वेग ३५ च्याही खाली जावा लागेल. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. नाहीतर ४४-४५ च्या आसपास चालवताना गाडी तिसरा-चौथा-तिसरा-चौथा असा खेळ मांडेल. येडशीच्या घाटात काही ऑटोमॅटिक गाड्या चढताना असं करतात हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला गिअर हंटिंग म्हणतात. चढावर वेग आणि पाय दोन्ही नेमके रेषेच्या जवळ घोटाळतात, म्हणून हे होतं.

हे सगळं कॉम्प्युटरच्या आधीही होतंच बरं का. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला, तेव्हा वेग मोजायला आत फिरणारी वजनं होती आणि पायाचा अंदाज इंजिनकडून येणारी एक जोडणी द्यायची. तेलाचा दाब एका बाजूनं, स्प्रिंग दुसऱ्या बाजूनं. जो जिंकेल त्याप्रमाणं गिअर. पुढं अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगवाली पोरं ही वजनं आणि स्प्रिंगा बदलून शिफ्ट पॉइंट वर न्यायची. आज लॅपटॉप लावून जे करतात ते तेच काम, फक्त पाना-पकड नाही.

डी मोडमध्ये गाडी एवढी घाई का करते?

डी मोडमध्ये हलक्या पायानं चालवलं तर गाडी भराभर वरचे गिअर टाकते. ६० च्या वेगाला सहावा, इंजिन जेमतेम १५०० आरपीएमवर. यामागं मायलेज आणि धूर आहे. आपल्याकडं गाडीची चाचणी एका ठरलेल्या पद्धतीनं होते. जाहिरातीत 'एआरएआय मायलेज' म्हणून जो आकडा येतो तो त्या चाचणीचा. एआरएआय म्हणजे पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ठराविक वेगानं, ठराविक वेळ गाडी रोलरवर पळवतात आणि त्यात सर्वांत जास्त वेगही ताशी ९० च असतो. अशा निवांत चालीत इंजिन जितकं कमी फिरेल तितकं पेट्रोल कमी. म्हणून कंपनी डीच्या रेषा खाली ओढून ठेवते. एस मोडमध्ये त्याच रेषा वर सरकतात, एवढाच काय तो फरक. इंजिनची ताकद एका हॉर्सपॉवरनंही वाढत नाही.

फोनवर स्वतः बघा

आम्ही दुसऱ्या दिवशी एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. फोनवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' सारखं ॲप. आयफोन असेल तर डोंगल ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला आहे ना ते आधी बघा, साधा ब्लूटूथ डोंगल त्याच्याशी बोलत नाही.

लॉगमध्ये तीनच गोष्टी निवडा: आरपीएम, वेग आणि ॲक्सिलरेटर पेडल पोझिशन. यादीत 'थ्रॉटल पोझिशन' पण दिसेल, ती घेऊ नका. आजच्या गाड्यांत पायाचा आणि इंजिनातल्या थ्रॉटलचा थेट संबंध राहिलेला नाही, आणि टीसीयू बघतं ते तुमच्या पायाकडं. तीनच का? डोंगल स्वस्तातला असेल तर सेकंदाला मोजकीच रीडिंग देतो. दहा गोष्टी निवडल्या की प्रत्येकीच्या वाट्याला फार कमी येतात.

कोणता गिअर आहे हे ॲप सहसा सांगत नाही, पण आरपीएमला वेगानं भागलं की कळतं. आमच्या गाडीत भागाकार साधारण ८५ आला की दुसरा, ५७ आला की तिसरा, ४२ म्हणजे चौथा, २६ म्हणजे सहावा. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण प्रत्येक गिअरला एकच येईल. लॉगिंग करताना फोन शेजारच्यानं धरायचा. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघायचं नाही, आणि रस्ता रिकामा पाहिजे.

कालचाच प्रकार आम्ही मोकळ्या रस्त्यावर पुन्हा केला. वेग ४०, गिअर चौथा, आरपीएम १७०० च्या आसपास. पाय तळापर्यंत. आरपीएम आधी तिसऱ्याच्या आकड्यावर गेलं, मग दुसऱ्याच्या, म्हणजे ३४०० वर. खरा जोर लागायला दीडेक सेकंद गेला. हा आकडा डोंगलच्या रीडिंगवरून काढलेला अंदाज आहे, स्टॉपवॉचचा नाही.

दीड सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो. ४० च्या वेगानं गाडी दीड सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरची एसटी ७० नं येत असेल तर ती २९ मीटर. म्हणजे तुमची गाडी नुसती विचार करत असताना दोन गाड्यांमधलं ४६ मीटर अंतर संपलेलं असतं.

ती थांबते कशासाठी?

ड्युअल क्लच गिअरबॉक्स म्हणजे एकाच डब्यात दोन गिअरबॉक्स. एका क्लचकडं १, ३, ५, ७ हे गिअर. दुसऱ्याकडं २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही चौथ्यात असता तेव्हा दुसऱ्या बाजूला पुढचा संभाव्य गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. तो पडायची वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, झालं. म्हणून हे गिअरबॉक्स एवढे झटपट वाटतात.

पण अंदाज चुकला तर? आमचा वेग कमी होत होता, म्हणून बॉक्सनं तिसरा तयार ठेवला असणार. आम्ही मागितला दुसरा. दुसरा आणि चौथा एकाच क्लचवर. चौथा चालू असताना त्याच बाजूला दुसरा लावता येत नाही, म्हणून आधी तिसऱ्यावर उडी, मग मोकळ्या झालेल्या बाजूला दुसरा, मग परत क्लच बदल. वर टर्बोला हवा भरायला लागणारा वेळ वेगळाच. यातलं काहीही शिफ्ट पॉइंट बदलून कमी होत नाही. ही लोखंडाची हालचाल आहे, तक्त्यातली रेषा नाही.

मग तोडगा काय? पाय दाबायच्या आधी योग्य गिअरमध्ये असणं. ट्रॅक्टरमागं असतानाच लिव्हर मागं ओढून एसमध्ये टाकली, किंवा डावा पॅडल ओढून दुसरा घेतला, की विचार करायचं काम आधीच उरकतं. तिसऱ्या दिवशी हेच एसमध्ये करून लॉग घेतला. ४० ला गाडी आधीच तिसऱ्यात होती, दुसरा पलीकडं तयार. पाय दाबल्यावर उशीर आदल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी. खर्च शून्य.

पूर्ण पाय दाबल्यावर शिफ्ट पॉइंट वर नेला तर?

ट्यूनरच्या मेसेजमध्ये हा मोठा दावा होता: 'रेडलाइन ७००० करतो, गिअर उशिरा पडेल, गाडी जास्त ओढेल'. इथं थोडं गणित करू. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन घ्या. कंपनीचे आकडे: १५० पीएस, ५००० ते ६००० आरपीएमच्या दरम्यान, टॉर्क २५० न्यूटन मीटर, १६०० ते ३५०० पर्यंत. पॉवर तीच राहून आरपीएम वाढतं याचा अर्थ टॉर्क उतरत जातो. हिशेब केला तर ५००० ला साधारण २१० आणि ६००० ला १७५ न्यूटन मीटर उरतो.

चाकाला मिळणारा जोर म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरचं गुणोत्तर. उदाहरणासाठी तिसऱ्याचं १.५३ आणि चौथ्याचं १.१२ धरू. तिसऱ्यात ६००० ला १७५ गुणिले १.५३, म्हणजे सुमारे २६८. तिथंच चौथा टाकला तर इंजिन ४४०० वर येतं, तिथं टॉर्क २२५ च्या आसपास धरला तर १.१२ नं गुणून २५२. जवळपास बरोबरी! म्हणजे कंपनीनं आधीच योग्य जागेच्या आसपास गिअर ठेवलाय. ६००० च्या पुढं टॉर्क आणखी पडतो, तेव्हा तिसऱ्यात रेंगाळणं म्हणजे आवाज जास्त, जोर कमी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुणोत्तरांतलं अंतर मोठं असतं, तिथं शेवटपर्यंत ताणण्यात थोडा फायदा निघतो. छोट्या टर्बोच्या गाड्यांत रेडलाइन वाढवण्याची जाहिरात मला म्हणूनच फारशी पटत नाही. ज्याला मोठा टर्बो बसवलाय आणि जोर वरच्या आरपीएमला सरकलाय, त्याचं गणित वेगळं.

टीसीयू ट्यूनमध्ये खरंच काय बदलतात

चांगला टीसीयू ट्यून म्हणजे फक्त शिफ्ट पॉइंट नाहीत. अर्ध्या पायाच्या रेषा वर घेतात, म्हणजे डीमध्येही गाडी गुदमरत नाही. रोजच्या चालवण्यात हाच बदल सर्वांत जाणवतो आणि माझ्या मते तोच उपयोगाचा. शिवाय क्लच किती जोरात दाबून धरायचा, गिअर बदलताना इंजिनचा जोर क्षणभर किती कमी करायचा, उभ्या गाडीवरून सुटताना किती आरपीएम ठेवायचं, आणि गिअरबॉक्स जास्तीत जास्त किती टॉर्क मान्य करेल ती मर्यादा, हे सगळं त्यात येतं.

ही शेवटची मर्यादा फार महत्त्वाची. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा बॉक्स, डीक्यू२००, २००८ मध्ये आला आणि तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलेला आहे. २०१३ मध्ये चाकणच्याच कारखान्यातून आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच बॉक्स होता, इंजिनचा टॉर्क १७५. म्हणजे ७५ ची जागा शिल्लक. ती गाडी ट्यून करणाऱ्यांची एवढी लाडकी का झाली याचं एक कारण हे. १.५ टीएसआयमध्ये मात्र इंजिनच २५० देतं. मर्यादा आणि टॉर्क एकाच आकड्यावर. त्याच्यावर 'स्टेज १' टाकून ३०० च्या घरात नेलं, की जास्तीचा भार कोरड्या क्लच प्लेटांनी सोसायचा. थंड करायला त्यांच्याभोवती तेल नाही. याच समूहाचा जुना सहा गिअरचा डीक्यू२५०, जो २००३ च्या गोल्फ आर३२ मध्ये पहिल्यांदा आला, त्याचे क्लच तेलात बुडालेले आणि क्षमता ३५० ची. दोन्हींना लोक 'डीएसजी'च म्हणतात. ट्यूनच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

माझ्या एका मित्रानं दुसऱ्याच एका गाडीचं फक्त इंजिन ट्यून करून घेतलं, गिअरबॉक्स तसाच ठेवला. सुरुवातीला मजा आली. मग वरच्या गिअरमध्ये पाय दिला की आरपीएम चढायचं, पण वेग मागं राहायचा. क्लच घसरत होता. डोंगलच्या लॉगवर हे स्पष्ट दिसतं: भागाकार एका गिअरला एकच यायला हवा, तो मधेच फुगतो. त्याला हे कळलं तेव्हा प्लेटा संपत आल्या होत्या. वॉरंटीचा दावा नाकारला गेला, कारण अनेक गाड्यांच्या युनिटमध्ये किती वेळा फ्लॅश झालंय याची नोंद राहते. जुनी फाइल परत टाकली तरी ती नोंद पुसेलच असं नाही.

तुमची गाडी ड्युअल क्लच नसेल तर

टॉर्क कन्व्हर्टर असेल तर शिफ्ट पॉइंटसोबत लॉक-अपचाही पॉइंट असतो, म्हणजे कन्व्हर्टर कधी घट्ट जोडायचा तो. 'रबरबँड'सारखं वाटणं बऱ्याचदा त्यामुळं असतं. गंमत म्हणजे व्हर्टस आणि स्लाव्हियामध्येच १.० टीएसआयला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला ड्युअल क्लच मिळतो. तेव्हा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना एकच सल्ला चालत नाही.

एएमटी असेल, म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडं पसरलेला प्रकार, तर ट्यूनिंगच्या नादी लागू नका. तिथं एकच क्लच आहे, गिअर बदलताना जोर तुटणारच. वरचा गिअर पडायच्या वेळेला पाय किंचित सैल करा, झटका कमी बसतो. ओव्हरटेकच्या आधी लिव्हरनं मॅन्युअल घ्या.

घाट उतरताना मात्र तिन्ही प्रकारांना एकच नियम: मॅन्युअलमध्ये खालचा गिअर. डीमध्ये गाडी वरचा गिअर टाकून बसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनला झेपणार नाही इतका खालचा गिअर मागितलात तर टीसीयू नाही म्हणेल, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

तरीही ट्यून करायचंच असेल

आधी गिअरबॉक्सचं नाव किंवा कोड शोधा आणि त्याची टॉर्क मर्यादा. ट्यूनरला विचारा: इंजिनच्या फाइलमध्ये सर्वाधिक टॉर्क किती, कितव्या आरपीएमला, आणि गिअरबॉक्सची फाइल त्याला जुळवलीय का. मूळ फाइलची प्रत मला देणार का. फ्लॅशनंतर क्लचचं ॲडॉप्टेशन करणार का, म्हणजे क्लच नेमका कुठं धरतो हे टीसीयूला पुन्हा शिकवणं. याची उत्तरं 'टेन्शन नको भाऊ, शंभर गाड्या केल्यात' अशी आली तर उठून या. विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, आणि गाडी मूळ नोंदणीपेक्षा वेगळी करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेही एकदा वाचून ठेवा. ट्यूनच्या आधीचा लॉग फोनमध्ये जपून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही हातात नसतं.

चुलतभावानं अजून काही केलेलं नाही. वॉरंटी संपली की परत विचारणार म्हणतो. सध्या ट्रॅक्टर दिसला की त्याचा हात आपोआप लिव्हरकडं जातो, आणि शेजारी बसलेली काकू दरवेळी विचारते, "आता ते काय ओढायलास?"